जुन्या कडबाकुट्टीचं रंगकाम आणि काही कामाच्या सुधारणा

कडबाकुट्टी, म्हणजे वैरण बारीक कापायचं यंत्र, पावसानं गंजते त्यापेक्षा गोठ्यानं जास्त गंजते. गोमूत्राचा वाफारा, उसाच्या वाड्याचा (शेंड्याच्या पाल्याचा) चिकट रस आणि मुरघासाचं (आंबवलेल्या वैरणीचं) आंबट पाणी, या तिघांपुढं साधा रंग फार दिवस तग धरत नाही. पाय खालून वीतभर खाऊन जातात, बेल्टच्या गार्डला भोकं पडतात, नटाभोवतीचा रंग पोपडे होऊन सुटतो. मग डबा आणून गंजावरच ब्रश फिरवला जातो, आणि पुढच्या पावसाळ्यात तोच पोपडा नव्या रंगासकट हातात येतो.

या यंत्राला दोन तोंडं आहेत. एकातून वैरण आत जाते, आणि चुकलं तर हातही जातो. दुसऱ्यातून कुट्टी बाहेर पडते ती थेट जनावराच्या पोटात. रंग कुठं द्यायचा, कुठं अजिबात नाही, काय बदलायचं आणि कशाला हात लावायचा नाही, हे सगळं या दोन तोंडांकडे बघून ठरवायचं. खाली सांगितलेलं काम २ ते ३ एचपी सिंगल फेज मोटर, बेल्टवर चालणारं पात्यांचं चाक आणि अँगलची फ्रेम असलेल्या मशीनचं आहे. सातारा-सांगलीकडं बहुतेक गोठ्यांत हीच दिसते. कडबा कापायच्या यंत्राशी आपल्या भागाचं नातंही जुनं आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या कारखान्याची सुरुवातीची उत्पादनं म्हणजे कडबा कापायचं यंत्र आणि लोखंडी नांगर. हा कारखाना १९१० साली बेळगावहून कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर आला आणि तिथं किर्लोस्करवाडी वसली.

कधी करायचं

बेंदराला, म्हणजे बैलांच्या सणाला, शिंगं रंगवताना उरलेला ऑईलपेंट मशीनलाही फासायची पद्धत आहे. हौस म्हणून ठीक, पण बेंदूर आषाढात येतो. पाटण-जावळीकडं तेव्हा हवेतच पाणी असतं. लोखंडावर न दिसणारा ओलावा बसलेला असतो, त्यावर रंग धरत नाही आणि वाळला तरी चकाकी मरते. चांगला काळ म्हणजे परतीचा पाऊस ओसरल्यावर, साखर कारखान्यांची धुराडी पेटायच्या आत. एकदा वाडं सुरू झालं की मशीन चार दिवस मोकळी मिळणार नाही. थंडीत दव वाळल्यावर, दहाच्या पुढं काम सुरू करून दुपारी तीनला ब्रश ठेवायचा. आटपाडी-जत किंवा माण-खटावच्या उन्हाळ्यात उलटं करायचं. सकाळी आठच्या आत संपवायचं, कारण पत्रा हाताला चटका देण्याइतका तापला की वरची साय आधी वाळते, आतला थिनर अडकतो आणि रंगाला फोड येतात.

सामान

फ्रेम, गार्ड, पाय, बाहेरचं आवरण मिळून रंगवायचा भाग साधारण ४ चौरस मीटर भरतो. त्याला १ लिटर रेड ऑक्साईड किंवा झिंक फॉस्फेट प्रायमर, १ लिटर सिंथेटिक इनॅमल आणि १ लिटर टर्पेंटाईन पुरतं. अर्धा लिटर फॉस्फरिक ॲसिडवालं रस्ट रिमूव्हर, ग्रायंडरला लावायचा तारेचा कप ब्रश, ८० आणि २२० नंबरचे पॉलिश पेपर चार-चार, मास्किंग टेप, दोन इंची ब्रश आणि कोपऱ्यांसाठी एक इंची. शिवाय एक लोहचुंबक. भंगारातल्या जुन्या स्पीकरचा चालतो. तो कशाला, ते पुढं येईल.

दुकानात थिनर नुसता ‘थिनर’ म्हणून मागू नका. सिंथेटिक इनॅमलला टर्पेंटाईन लागतं. गाडीच्या रंगाचा एनसी थिनर त्यात घातला तर तो खालचा जुना रंग उचलतो आणि सगळ्या पृष्ठभागावर सुरकुत्या येतात. एकदा ते झालं की खरवडून परत पहिल्यापासून.

खोलणं

आधी प्लग काढायचा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. कपॅसिटरची पेटी उघडायची असेल तर होल्डरसकट १०० वॅटचा साधा बल्ब त्याच्या दोन टोकांना लावून चार्ज उतरवून घ्या. प्लग काढल्यावरही तो झटका देऊ शकतो.

चाकाचं आवरण उघडलं की सगळ्यात पहिलं काम म्हणजे चाक आणि आवरण यांच्यामध्ये लाकडाची पाचर ठोकणं. पात्याचा बोल्ट सोडताना पाना निसटतो, चाक फिरतं आणि बोटं पात्याखालच्या पट्टीवर जातात. अंग कापण्याचे कितीतरी प्रकार मशीन बंद असतानाच होतात. पाती काढली की प्रत्येकावर आणि त्याच्या जागेवर सेंटर पंचनं एक, दोन, तीन अशा टिंबांच्या खुणा करा. मार्करची खूण धुताना जाते. गिअर, रोलरच्या स्प्रिंगा आणि खालच्या वॉशरांचे फोटो मोबाईलवर काढून ठेवा. वॉशर किती आणि कुठल्या बाजूला, हे चार दिवसांनी कुणालाच आठवत नाही.

धुणं आणि गंज काढणं

ग्रीस आणि वाड्याचा वाळलेला रस आधी डिझेलनं भिजवून खरवडा. मग बादलीभर गरम पाण्यात मूठ-दीड मूठ धुण्याचा सोडा टाकून घासून धुवा. हा क्रम उलटा केला किंवा सोडा टाळला तर तेलाचा पातळ थर राहतो आणि रंग लावला की माशाच्या डोळ्यासारखी गोल गोल भोकं पडतात. पेट्रोलनं धुऊ नका. शेजारी ग्रायंडर चालणार आहे.

गंज किती खोल आहे ते स्क्रूड्रायव्हरनं टोचून बघा. टोक आत गेलं तर तो भाग संपला, त्यावर लांबी (पुट्टी) भरून उपयोग नाही. पायांचं हेच होतं. गंजलेला भाग कापून ३५ × ३५ × ५ मिलिमीटरचा अँगल जोडायचा आणि खाली ७५ मिलिमीटर चौकोनी, ६ मिलिमीटर जाड प्लेट. अँगलच्या बेचक्यात पाणी साठत असेल तिथं ८ मिलिमीटरचं भोक पाडून निचरा द्या. पाय खाल्ले जाण्याचं निम्मं कारण हेच साठलेलं पाणी असतं. वेल्डिंग करताना अर्थचा चिमटा जोडाच्या अगदी जवळ लावायला सांगा. चिमटा फ्रेमच्या एका टोकाला आणि वेल्ड चाकाजवळ असं झालं तर करंट बेअरिंगमधून जातो, गोळ्यांवर बारीक चट्टे पडतात आणि महिन्याभरात बेअरिंग घरघरायला लागतं. मोटर तर आधीच उतरवून बाजूला ठेवलेली असावी.

बाकी ठिकाणी तारेचा ब्रश, मग ८० नंबरचा पेपर. खोल खड्ड्यांतल्या काळ्या गंजाला रस्ट रिमूव्हर लावून डब्यावर लिहिलेला वेळ थांबा, स्वच्छ पाण्यानं धुवा, उन्हात खडखडीत वाळवा आणि त्याच दिवशी प्रायमर द्या. रात्रभर उघडं ठेवलेलं लोखंड सकाळी पिवळसर दिसलं तर पुन्हा पेपर मारावा लागतो.

आता चुंबक. तारेच्या ब्रशचे तुटलेले तुकडे केसाएवढे बारीक असतात आणि आवरणाच्या कोपऱ्यात, रोलरच्या दातांत अडकून बसतात. पुढं ते कुट्टीत जातात. गाय-म्हैस वैरण नीट चावून गिळत नाही, नंतर रवंथ करते, त्यामुळं तार कळत नाही. ती दुसऱ्या पोटात, जाळीत, जाऊन बसते, तिथून पडदा भोसकून हृदयाच्या आवरणापर्यंत पोहोचू शकते आणि चांगलं दुभतं जनावर हातचं जातं. म्हणून चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून प्रत्येक कोपऱ्यातून सावकाश फिरवा. बाहेर काढाल तेव्हा पिशवीला मिशा फुटलेल्या दिसतील. पिशवी उलटी करून त्या कागदात बांधून टाका, नवी पिशवी घाला आणि परत फिरवा. मिशा यायच्या बंद झाल्या की थांबायचं. वैरण जाते त्या आतल्या भागात तर तारेचा ब्रश वापरूच नका, तिथं पेपर पुरे.

रंग कुठं नाही

चाकाच्या आवरणाची आतली बाजू, पाती, रोलर, वैरणीचा ट्रे, कुट्टी फेकणारं तोंड: इथं रंग नाही, प्रायमरही नाही. वैरण घासून तो निघणारच, आणि निघालेला जनावराच्या पोटात जाणार. जुन्या आणि औद्योगिक रंगांत शिसं असू शकतं, आणि शिशाची विषबाधा जनावरांना लवकर होते. जुना रंग खरवडलेला भुगाही गव्हाणीपासून लांब, ताडपत्रीवर गोळा करा. आतला भाग वापरात असेपर्यंत वैरणच घासून चकचकीत ठेवते. मशीन काही आठवडे बंद राहणार असेल तर शेंगदाण्याचं किंवा करडईचं तेल फडक्यानं पुसून घ्या. इंजिनाचं जळकं ऑईल फासायची सवय मात्र सोडा.

आणखी चार जागा टेपनं झाका. पुलीच्या खाचा, कारण तिथं रंग बसला की बेल्ट घसरतो आणि जळका वास येतो. ग्रीसचे निपल. मोटरची नावाची पट्टी. आणि अर्थिंगचा बोल्ट, जो सगळ्यात जास्त विसरला जातो. रंग वीज अडवतो. अर्थची वायर रंगावर आवळली तर दिसायला अर्थिंग आहे, प्रत्यक्षात नाही, आणि ओल्या गोठ्यात म्हशीला ते तुमच्या आधी कळतं. तिथला नाण्याएवढा भाग घासून पांढरा करा, दातेरी वॉशर घाला. काम झाल्यावर मीटरनं मोटरची बॉडी ते प्लगची अर्थ पिन मोजा. १ ओहमच्या आत यायला हवं.

मोटरच्या पंखांवर जाड रंग चढवू नका, एकच पातळ हात द्या. त्या पंखांतूनच ती गार होते.

प्रायमर आणि रंग

रंग सपाटीवर टिकतो, कडेवर ताणला जाऊन पातळ होतो. म्हणून धारदार कडा आधी कानशीनं मोडा. मग एक इंची ब्रशनं फक्त कडा, वेल्डचे जोड, बोल्टांची डोकी आणि भोकांच्या काठांना प्रायमरचा एक हात द्या. तो वाळला की सगळीकडं पूर्ण हात. हा जादाचा अर्धा तास वाचवायचा मोह होतो, पण गंजाची सुरुवात नेमकी याच जागांवरून होते.

प्रायमर रात्रभर वाळू द्या. खड्डे दिसत असतील तर बाहेरच्या आवरणावर लांबी भरा, पायांना नको. २२० नंबरनं हलकं घासून धूळ पुसा आणि इनॅमलचा पहिला हात द्या. ब्रशनं मारायचं तर लिटरला १०० मिलिलिटर टर्पेंटाईन पुरे. उभ्या पत्र्यावर रंग ओघळत असेल तर ब्रश जास्त भरताय. दोन पातळ हात एका जाड हातापेक्षा कधीही बरे, मध्ये किमान १२ तास. हाताला कोरडा लागला म्हणजे रंग पक्का झाला असं नाही. आठवडाभर तरी मशीन गोमूत्राच्या जमिनीवर ठेवू नका, विटांवर ठेवा.

गार्ड जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या, पत्र्याचं असेल तर त्याला वेगळी वागणूक लागते. जस्तावर थेट ऑईलपेंट दिला तर दोघांच्या रासायनिक क्रियेनं मध्ये साबणासारखा थर तयार होतो आणि रंग कातडीसारखा सोलून निघतो. आधी वॉश प्रायमर, मग बाकी सगळं.

रंग कुठला, हा घरचा प्रश्न. एवढंच सुचवणं: गडद हिरवा टाळा, त्यावर पडलेला पाना सापडत नाही. आणि बेल्टच्या गार्डची आतली बाजू भडक नारिंगी करा. तिथं वैरण लागत नाही, त्यामुळं रंगाला हरकत नाही, आणि गार्ड उघडं राहिलं तर दारातून दिसतं.

आता सुधारणा

पहिली, स्टार्टर. पुष्कळ मशीन साध्या स्विचवर चालतात. वीज गेली, चाक थांबलं, अडकलेलं वाडं ओढायला हात घातला, तेवढ्यात वीज आली. स्विच चालूच होता. कॉन्टॅक्टर असलेला स्टार्टर बसवला की वीज जाताच तो सुटतो आणि परत हिरवं बटण दाबल्याशिवाय मशीन सुरू होत नाही. सोबत ओव्हरलोड रिले (करंट जास्त झाला की मोटर बंद करणारा), मोटरच्या पट्टीवरच्या अँपिअरला लावलेला. बंद करायचं मोठं लाल बटण वैरण घालणाऱ्याच्या कमरेच्या उंचीवर, कोपरानंही दाबता येईल असं. मात्र बटण दाबल्यावरही जड चाक स्वतःच्या वेगानं फिरत राहतं. ते पूर्ण थांबलेलं डोळ्यांनी बघूनच झाकण उघडायचं. लाईनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की लाईन तोडणारा स्विच) हवाच.

वायरचंही इथंच बघून घ्या. २ एचपीची मोटर चालताना १० अँपिअरच्या आसपास घेते, सुरू होताना त्याच्या पाच-सहा पट. घरापासून गोठा ३० मीटर आणि वायर तांब्याची, पण १ चौरस मिलिमीटरची असेल तर सुरू होताना वायरमध्येच ६०-६५ व्होल्ट पडतात. मोटर नुसती हुंकारते, कपॅसिटर फुगतो आणि दोष मोटरला जातो. तीच वायर २.५ चौरस मिलिमीटर केली तर पडतात साधारण २६. अंतर त्यापेक्षा जास्त असेल तर ४ ची घ्या.

दुसरी, वैरणीचा ट्रे. तो तोकडा असतो म्हणूनच हात रोलरपर्यंत पोहोचतो. लांबी ९० सेंटिमीटर करा आणि रोलरकडचा ४५ सेंटिमीटर भाग वरून पत्र्यानं झाकून टाका. झाकणाच्या तोंडाशी उभं राहून हात लांबवला तर बोटं रोलरला लागता कामा नयेत. घरातल्या सगळ्यात उंच माणसाला उभं करून, मशीन बंद ठेवून, मोजून बघा. लागली तर झाकण आणखी लांबवा. शेवटचा आखूड पाला हातानं नाही, पुढच्या पेंढीनं ढकलायचा. ट्रे ३०४ स्टीलच्या १.२ मिलिमीटर पत्र्याचा केला तर रंगाचा प्रश्नच मिटतो. त्याला चुंबक चिकटत नाही, पण चुंबकाची ओढ पत्र्यातून वर पोहोचते. ट्रेच्या खालून एक ताकदवान चपटा चुंबक पट्टीनं बांधला की वैरणीतून आलेले खिळे, तारा वरच्या बाजूला पुष्कळशा अडकतात. ट्रे रोज पुसायचा. पातीही वाचतात.

तिसरी, फेकणारं तोंड. ओलं वाडं किंवा हत्ती गवत टाकलं की तोंड तुंबतं. बहुतेक वेळा कारण असतं चाकावरच्या पंख्याच्या पट्ट्या आणि आवरण यांच्यातली वाढलेली फट. थंड मुलखात घरापुढचं बर्फ उचलून लांब फेकणारी यंत्रं असतात, त्यांचंही पोट असंच असतं. तिथं ओलं बर्फ तुंबू नये म्हणून पंख्याच्या पात्यांना रबराच्या पट्ट्या बोल्टनं जोडून फट बुजवतात. आपल्याकडं कन्व्हेयरचा जुना पट्टा सहज मिळतो, म्हणून ही युक्ती करावीशी वाटेल. करू नका. रबर झिजून तुटलं की ते वैरणीत जाणार. त्याऐवजी ३ मिलिमीटरची लोखंडी पट्टी प्रत्येक पंख्याला दोन बोल्ट आणि नायलॉक नटांनी जोडून फट ५-६ मिलिमीटरवर आणा. सगळ्या पट्ट्या बोल्टांसकट किचनच्या डिजिटल काट्यावर मोजून सारख्या वजनाच्या करा, नाहीतर मशीन नाचायला लागेल. तोंड लांबवायचं तर वळण गोलाईत हवं, काटकोनी कोपरा केला की कुट्टी तिथंच बसते. वैरण खाली पाडणाऱ्या, पंखा नसलेल्या मशीनला लांब तोंड लावून काही फायदा नाही.

मशीन हलवायला चाकं बसवायची असतील तर मोटरच्या बाजूला दोन बसवा, जमिनीपासून १० मिलिमीटर उचललेली. दुसऱ्या बाजूचं हँडल उचलल्यावरच ती टेकतात. चालताना वजन पायांवर आणि पायाखाली रबर. चाकांवर उभी मशीन चालू केली तर थरथरत फिरते.

पुली बदलून वेग वाढवायचा सल्ला पुष्कळ जण देतील. हिशोब करून बघा. मिनिटाला १४४० फेऱ्यांची मोटर, तिची पुली ४ इंच, चाकाची ९ इंच, म्हणजे चाक ६४० फेऱ्यांनी फिरतं. मोटरची पुली ५ इंच केली की ८००. वेग सव्वापट, पण पात्याच्या बोल्टावरचा ताण दीडपटीच्या वर जातो आणि पंख्याला लागणारी ताकद जवळजवळ दुप्पट होते. मोटर तापते हे किरकोळ, पातं सुटणं किरकोळ नाही. कंपनीचा वेग तसाच राहू द्या. काम हळू होत असेल तर दोष बहुतेक पात्यांच्या धारेत असतो.

जोडणी

पात्याला धार लावताना ग्रायंडर टेकवून ठेवू नका, पाण्यात बुडवत लावा. धार निळी पडली म्हणजे पोलादाचं पाणी (कडकपणा) उतरलं, ते पातं दोन दिवसांत बोथट होणार. पाती जोडीनं समोरासमोरची एकदम लावायची, वजनं सारखी. बोल्टांच्या डोक्यावर ८.८ हा ताकदीचा आकडा बघून घ्या, साधे एमएस बोल्ट इथं चालत नाहीत. पातं आणि खालची पट्टी यातली फट लग्नपत्रिकेच्या कागदाइतकी ठेवा. कागद घासत सरकला पाहिजे. चाक हातानं पूर्ण फिरवून प्रत्येक पात्याला हीच परीक्षा. फट जास्त राहिली तर वाडं कापलं न जाता दुमडतं आणि रोलरभोवती गुंडाळतं.

दोन्ही पुल्यांवर सरळ दोरी धरून त्या एका रेषेत आणा. बेल्ट मध्यभागी अंगठ्यानं दाबला तर ४५ सेंटिमीटरच्या अंतराला सुमारे ७ मिलिमीटर दबावा. त्यापेक्षा ताणला तर बेअरिंग जातं, सैल ठेवला तर पट्टा.

गार्ड लावून रिकामी दहा मिनिटं चालवा, बंद करून बेअरिंगच्या घरांना हात लावा. कोमट चालेल, हात ठेववत नसेल तर ग्रीस जास्त झालंय किंवा पुली तिरकी आहे. मग दोन कवळे वैरण कापा आणि ती कुट्टी उकिरड्यात टाका, जनावरांना नाही. त्यातून पुन्हा एकदा चुंबक फिरवला की कोपऱ्यांची सफाई नीट झाली होती का, ते कळतं. तासाभराच्या कामानंतर पात्यांचे बोल्ट परत आवळा. नवा बेल्ट दुसऱ्या दिवशी थोडा ढिला पडतो, तोही ताणून घ्या. उरलेला रंग छोट्या बाटलीत काठोकाठ भरून ठेवा. हवा नसली की साय धरत नाही, आणि पायांना ओरखडा पडला की त्याच दिवशी बोटभर रंग लावता येतो.